सासऱ्यांची सायकल किती सालची?

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या मावशींनी सासऱ्यांची सायकल भंगारात किलोवर घालायला काढली होती. आम्ही हँडलखालची नळी रॉकेलच्या बोळ्याने पुसली (पॉलिश पेपर लावू नका, अक्षरंच जातात), तर बिल्ल्यावर नाव दिसलं, हिंद. भंगारवाल्याला थांबवलं.

हिंद सायकल मुंबईत, वरळीच्या कारखान्यात बनायची. १९८० साली संसदेने कायदा करून ही कंपनी आणि आसनसोलची सेन-रॅले सरकारच्या ताब्यात घेतली. हिंदचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. तेव्हा बिल्ल्यावर या कॉर्पोरेशनचं नाव असेल तर सायकल त्यानंतरची. नुसतं ‘हिंद’ वाचून मात्र साल ठरत नाही.

सीट, घंटी, पायडल यांवर तर मुळीच जाऊ नका. ती दहादा बदललेली असतात. आम्हीही आधी सीटवरच्या नावालाच भुललो. खरा पुरावा मावशींच्या बटणांच्या डब्यात निघाला. नगरपालिकेचा सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला, त्यावर १९६३. म्हणजे त्या साली सायकल रस्त्यावर होती. बनली तेव्हा किंवा त्याआधी. बिल्ला याच सायकलचा कशावरून? मावशी म्हणाल्या, “मामंजींनी जन्मात दुसरी घेतलीच नाही.”

सायकल पुन्हा पडवीत उभी आहे.