तेहतीस हरले, सत्तावीस जिंकले

१० जून २०२२. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागा, उमेदवार सात. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. हरले संजय पवार. सगळ्यात कमी मतं घेणारे महाडिक दिल्लीला गेले.

हा चमत्कार कसा झाला? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून मला आधी त्यामागचा अल्गोरिदम बघावासा वाटला.

इथे मतदार म्हणजे विधानसभेचे आमदार. मत एकच, पण त्यावर १, २, ३ अशी पसंती लिहायची. मोजताना प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. २८८ पैकी २८५ आमदारांनी मतदान केलं. रमेश लटके यांचं महिनाभर आधी निधन झालं होतं. अटकेत असलेल्या नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना कोर्टाने मतदानाची परवानगी दिली नाही. शिवसेनेच्या सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने बाद ठरवलं. उरली २८४. आता कोटा: २८४०० भागिले ७ (जागा अधिक एक), अपूर्णांक सोडा, एक मिळवा. ४०५८.

पाच जण पहिल्याच फेरीत कोट्यापार गेले. त्यांची जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. गोयल आणि बोंडे यांच्याकडे ७४२ अधिक ७४२ शिल्लक. राऊत, पटेल आणि प्रतापगढी या तिघांची मिळून ६२६. महाडिकांच्या २७०० मध्ये १४८४ मिळवा, पवारांच्या ३३०० मध्ये ६२६. वाटपात अपूर्णांक गळतात, त्यामुळे प्रत्यक्ष बेरीज थोडी कमी भरते. तरी महाडिक कोट्यापार जातात, पवार अलीकडेच राहतात.

मग मी एक जर-तर चालवून पाहिलं. मलिक, देशमुख आणि कांदे यांची तीनही मतं महाविकास आघाडीला मिळाली असती तर? वैध मतं २८७, कोटा ४१०१. भाजपच्या बाजूची १२३ मतं, म्हणजे १२३००. दोन कोटे वजा केले की उरतात ४०९८. आघाडीची १६४ मतं, तीन कोटे वजा केले की ४०९७. एका मताच्या शंभराव्या भागाचा फरक! तेव्हा अपूर्णांक कुणाचे जास्त गळतात, यावर खासदार ठरला असता.

म्हणूनच एकेका आमदाराच्या मागे इतकी धावपळ असते. पूर्वी हे मतदान गुप्त होतं. १९९८ मध्ये याच महाराष्ट्रात काँग्रेसची मतं फुटली. पक्षाचे अधिकृत उमेदवार, माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान पडले आणि विजय दर्डा, सुरेश केसवानी हे दोन अपक्ष निवडून आले. २००३ मध्ये कायदा बदलला: आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुलदीप नय्यर खटल्यात हा बदल वैध ठरवला. मत विकलं जाऊ नये, हा त्यामागचा युक्तिवाद.

पण अपक्षाला पक्षच नसतो, त्यामुळे त्याने मत कुणालाच दाखवायचं नसतं. २०२२ ची बेरीज करून बघा. भाजपचे आमदार १०६, मतं मिळाली १२३. म्हणजे १७ मतं बाहेरून आली. आघाडीच्या तीन पक्षांची १४९ वैध मतं, मिळाली १६१. बाहेरची १२. हे २९ आमदार अपक्ष आणि छोट्या पक्षांचे. सहावी जागा त्यांनीच ठरवली, आणि त्यांतल्या अपक्षांची मतं तर आजही झाकलेलीच आहेत.

आपण याला ‘खुलं मतदान’ म्हणतो. खुलं कुणासाठी? पक्षाच्या प्रतिनिधीसाठी. ज्यांनी त्या आमदाराला निवडून दिलं, त्यांना ती मतपत्रिका कधीच दिसत नाही. गुप्त मतदानाचं संरक्षण आपल्याला आहे, कारण आपण कुणाला उत्तर देणं लागत नाही. आमदार लागतो. तो आपल्या वतीने मत देतो, मग त्याची पसंती निकालानंतर नावानिशी जाहीर करायला काय हरकत आहे? पक्षाला जेवढं कळतं, तेवढं तरी मतदाराला कळायला हवं.

दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेची निवडणूक झाली. तिथे मतदान गुप्तच असतं. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रीपदाचा राजीनामा दिला. त्या महिन्यात कुणाचं मत कुठे गेलं याचे अंदाज सगळ्या चॅनेल्सनी लावले. आपला आमदार त्यात नेमका कुठे होता, हे विचारायला मतदाराच्या हातात कागद मात्र एकही नव्हता.