चरीचा शेतकरी संप
चरीचा शेतकरी संप : (१९३३–३९). कोकणातील भातशेती कसणाऱ्या कुळांनी खोत-सावकारांविरुद्ध केलेला प्रदीर्घ संप. चरी हे गाव रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, खारेपाटात आहे.

भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून येथील जमीन लागवडीस आणली गेली. तीत पावसाळी भाताचे एकच पीक येते. उधाणाने बांधाला खांड पडली की शेतात खारे पाणी शिरते व क्षार धुऊन जाईपर्यंत जमीन वाया जाते. म्हणून बांध गावकरी मिळून राखीत. सामाईक श्रमाच्या या प्रथेस ‘जोळ’ म्हणतात. निसर्गाशी असा मेळ बसविता आला, तरी खोताशी बसविणे कठीण होते. पीक बुडाले तरी मक्ता चुकत नसे. थकबाकी व्याजाने वाढे. पावसाळ्याच्या तोंडी घरातले धान्य संपले की कुळास पुन्हा खोताच्याच दारी जावे लागे. दप्तरी नोंद नसल्याने त्याला जमिनीवरून केव्हाही काढता येई.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संपाचा निर्णय झाला. चरी व आसपासच्या पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. गिरणी कामगार संपात मजुरीस मुकतो. येथे कुळाने स्वतःची कणगीच रिकामी ठेवली, हे लक्षात घेतले म्हणजे सहा वर्षांच्या चिकाटीचे मोल कळते. शेते पडीक राहिली. लोकांनी लाकूडफाटा विकून, खाडीतील मासळीवर व मिळेल त्या मोलमजुरीवर दिवस काढले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; या घरगुती काटकसरीविषयी फारच थोडे.

चरी येथे १९३४ मध्ये भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. संप १९३९ मध्ये मिटला. त्याच वर्षी मुंबई कूळ कायद्याने कुळांना काही संरक्षण दिले. १९४८ च्या व्यापक कूळ कायद्यानंतर १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला आणि पुढे १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळे जमिनीची मालक मानली गेली.

समुद्राचा प्रश्न मात्र उरलाच. १९४८ मध्ये खार जमिनींसाठीही कायदा होऊन बांधांची जबाबदारी हळूहळू शासनाकडे गेली आणि जोळ मागे पडली. खांडी वेळेवर न बुजल्याने काही शेतांत आज कांदळवन माजले आहे.