हेडफोन विवर्धक

हेडफोन विवर्धक (हेडफोन ॲम्प्लिफायर) हा ध्वनिस्रोताकडून येणाऱ्या क्षीण विद्युत् संकेताची शक्ती वाढवून तो हेडफोनला पुरवणारा इलेक्ट्रॉनिक विवर्धक आहे. ध्वनिवर्धकासाठी (लाउडस्पीकर) वापरल्या जाणाऱ्या विवर्धकाची शक्ती दहा ते शेकडो वॅट असते. हेडफोनला मात्र बहुधा काही मिलिवॅट पुरतात. मोबाइल फोन व संगणकात असा विवर्धक अंगभूत असतो. उच्च दर्जाच्या हेडफोनांसाठी तो स्वतंत्र उपकरण म्हणून वापरला जातो. विवर्धकांची तुलना मुख्यतः तीन निकषांवर होते : जोडावयाच्या हेडफोनला पुरेल इतका विद्युत् दाब व प्रवाह, प्रदान संरोध (आउटपुट इम्पिडन्स) आणि विकृती व गोंगाटाचे प्रमाण. यांपैकी पहिल्या दोन निकषांचा अर्थ हेडफोनवर अवलंबून असल्याने हेडफोन ठरल्याशिवाय 'सर्वोत्तम विवर्धक' ठरविता येत नाही.

## इतिहास

अमेरिकेतील मिलवॉकी येथील कॉस कंपनीने १९५८ मध्ये एसपी/३ हा स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला. त्यानंतर दीर्घकाळ हेडफोनसाठी वेगळा विवर्धक क्वचितच असे. ध्वनिवर्धकाच्या विवर्धकातूनच एका रोधकामार्फत हेडफोनची जोडणी काढली जाई. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये स्थिरविद्युत् तत्त्वावरील एसआर-१ हा हेडफोन आणला. त्याला खास विवर्धकाची गरज होती. १९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या हेडरूम या कंपनीने स्वतंत्र हेडफोन विवर्धक लोकप्रिय केले. २०११ मध्ये एका अनामिक अभियंत्याने 'ओ२' या विवर्धकाचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. अल्प किमतीतही अत्यल्प विकृती साधता येते हे त्यातून दिसले.

## शक्ती व संवेदनशीलता

हेडफोनचा संरोध साधारणतः १६ ते ६०० ओहम असतो. संवेदनशीलता म्हणजे १ मिलिवॅट शक्तीला हेडफोन किती डेसिबेल ध्वनिदाब निर्माण करतो ते मान. काही उत्पादक हे मान १ व्होल्टला देतात. त्यामुळे दोन हेडफोनांची तुलना करण्यापूर्वी एकक तपासणे आवश्यक असते. संगीतातील क्षणिक उच्चांकांसाठी ११० डेसिबेल गृहीत धरल्यास तीन नमुनादाखल हेडफोनांची गरज पुढीलप्रमाणे येते :

| संरोध | संवेदनशीलता (प्रति मिलिवॅट) | शक्ती | विद्युत् दाब | प्रवाह |
|---|---|---|---|---|
| ३२ ओहम | १०० डेसिबेल | १० मिलिवॅट | ०.५७ व्होल्ट | १८ मिलिअँपिअर |
| ३०० ओहम | ९७ डेसिबेल | २० मिलिवॅट | २.४५ व्होल्ट | ८ मिलिअँपिअर |
| ५० ओहम | ८३.५ डेसिबेल | ४४७ मिलिवॅट | ४.७ व्होल्ट | ९५ मिलिअँपिअर |

कमाल १ व्होल्ट देणारा मोबाइल फोन पहिल्या हेडफोनला पुरतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो सुमारे ८ आणि तिसऱ्याच्या बाबतीत सुमारे १३.५ डेसिबेल कमी पडतो. अधिक संरोधाचा हेडफोन चालवण्यास सर्वांत कठीण असतो, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. तिसरा नमुना समतल-चुंबकीय (प्लॅनर मॅग्नेटिक) प्रकारातील कमी संवेदनशील हेडफोनांचा आहे. संरोध कमी असूनही त्याला दाब व प्रवाह दोन्ही अधिक लागतात. सेनहायझरचे एचडी ६०० व एचडी ६५० हे ३०० ओहमचे हेडफोन दुसऱ्या गटात मोडतात.

विवर्धकाची शक्ती भारानुसार बदलते. ३२ ओहमला १ वॅट देणारा विवर्धक ३०० ओहमला बहुधा त्याच्या एक-दशांशाच्या आसपासच शक्ती देतो. म्हणून जाहिरातीतील एकाच आकड्यावरून तुलना करता येत नाही.

## प्रदान संरोध

हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. विवर्धकाचा प्रदान संरोध अधिक असल्यास, ज्या कंप्रतांना हेडफोनचा संरोध वाढतो तेथे ध्वनीही वाढतो. उदा., ३२ ओहमच्या हेडफोनचा संरोध खर्ज स्वरांत ६४ ओहमपर्यंत जात असेल, तर १२० ओहम प्रदान संरोध असलेल्या विवर्धकावर ते स्वर सुमारे ४.४ डेसिबेलने उठून येतील. १ ओहमच्या विवर्धकावर हा फरक सुमारे ०.१ डेसिबेलच राहील. आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९६ मध्ये १२० ओहमची शिफारस केली होती. आता प्रदान संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, हा व्यावहारिक संकेत रूढ आहे. समतल-चुंबकीय हेडफोनांचा संरोध जवळजवळ स्थिर असल्याने त्यांच्या स्वरसंतुलनावर याचा परिणाम नगण्य असतो.

## प्रकार

* ट्रान्झिस्टर विवर्धक : संकलित मंडल (आयसी) किंवा सुट्या ट्रान्झिस्टरांवर आधारित. प्रदान संरोध बहुधा १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी; विकृती व गोंगाट अत्यल्प.
* निर्वात नलिका विवर्धक : रोहित्ररहित प्रकारात प्रदान संरोध अधिक असल्याने तो ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनांना योग्य ठरतो, कमी संरोधाच्या हेडफोनांसाठी रोहित्रयुक्त रचना वापरतात. यांतील विकृती जास्त असते, तरी काही श्रोत्यांना ती सुखद वाटते.
* संकरित विवर्धक : आरंभीच्या टप्प्यात नलिका व अखेरच्या टप्प्यात ट्रान्झिस्टर.
* स्थिरविद्युत् विवर्धक : यात प्रवाह नगण्य, परंतु संकेताचा दाब शेकडो व्होल्ट असतो. स्टॅक्सच्या 'प्रो' मानकात पटलाला ५८० व्होल्टचा स्थिर दाब द्यावा लागतो. सेनहायझरने १९९१ मध्ये 'ऑर्फिअस' हा संच नलिका विवर्धकासह मर्यादित संख्येत काढला.

काही विवर्धकांत संतुलित (बॅलन्स्ड) जोडणी असते. तीत दोन्ही कानांचे परतीचे मार्ग वेगळे राहतात व दोन विवर्धक विरुद्ध कलेत चालतात. दाब दुप्पट व सैद्धांतिक शक्ती चौपटीपर्यंत होते. मात्र प्रदान संरोधही दुप्पट होतो.

## श्रवणचाचणी व मतभेद

दोन विवर्धकांची श्राव्य तुलना करताना त्यांची पातळी ०.१ डेसिबेलच्या आत समान करतात, कारण किंचित मोठा ध्वनी श्रोत्याला अधिक चांगला वाटतो. किंमत वा बाह्यरूप ठाऊक असल्यानेही मत बदलते. हे टाळण्यासाठी एबीएक्स चाचणी वापरतात; तिचे मूळ बेल प्रयोगशाळेतील मन्सन व गार्डनर यांच्या १९५० मधील कार्यात आहे. यात 'एक्स' हा अज्ञात नमुना 'ए' आहे की 'बी' हे श्रोत्याने ओळखायचे असते. १६ पैकी किमान १२ उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ३.८ टक्के असते.

या क्षेत्रात दोन विचारप्रवाह आहेत. मोजमापवाद्यांच्या मते मर्यादेत चालणारे, कमी विकृतीचे व कमी प्रदान संरोधाचे विवर्धक ऐकून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे ठरावीक टप्प्यापुढे वाढीव खर्च बांधणी व सोयींसाठीच होतो. अनुभववाद्यांच्या मते अवकाशाचा भास किंवा पोत यांतील फरक प्रचलित मोजमापांत उमटत नाहीत आणि ते दीर्घ श्रवणानेच जाणवतात. हेडफोन बदलल्याने पडणारा फरक विवर्धक बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा बहुधा मोठा असतो, हे मात्र दोन्ही बाजू सामान्यतः मान्य करतात.

## श्रवणसुरक्षा

अल्प विकृतीमुळे ध्वनी मोठा असूनही कर्कश वाटत नाही, त्यामुळे शक्तिशाली विवर्धकावर पातळी नकळत वाढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबेल पातळीचे ४० तास ही मर्यादा सुचवली आहे; पातळी ३ डेसिबेलने वाढल्यास सुरक्षित कालावधी निम्मा होतो. या हिशेबाने ९५ डेसिबेलला आठवड्याला सव्वा तासच उरतो. संवेदनशील हेडफोनसाठी कमी लब्धी (गेन) निवडणे आणि हेडफोन कानाला लावण्यापूर्वी पातळी शून्यावर आणणे हे प्राथमिक उपाय होत. श्रवणशक्तीची अशी हानी बहुधा कायमस्वरूपी असते.

## हे सुद्धा पहा

* विवर्धक
* हेडफोन
* विद्युत् संरोध
* डेसिबेल