चांदूर-बिस्व्याचा खटला

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना चांदूर-बिस्वा जवळ आले की मी हातातले पुस्तक मिटतो. पाकिस्तानच्या इतिहासात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या या खेड्याचे नाव यावे, याचे मला अजून नवल वाटते.

१९३९ च्या मार्चमध्ये येथे दंगल झाली, एका पाटलाचा खून पडला. गावचे पुष्कळ मुसलमान पकडले गेले. सेशन्स कोर्टाने काहींना फाशी सांगितली. काँग्रेसच्या राज्यात मुसलमानाला न्याय नाही, याचा दाखला म्हणून लीगने हे प्रकरण गाजवले. मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा २२ डिसेंबरला जिनांनी मुक्तिदिन पाळायला लावला. पुढे नागपूरच्या हायकोर्टाने आरोपी निर्दोष सोडले. पण तोवर मने फाटली होती, आणि तिकडे पाटलाच्या घरचे दुःख कोणी विचारले?

२३ मार्च १९४० च्या लाहोर ठरावात वायव्य आणि पूर्व भागांची मागणी होती. त्यात वऱ्हाड कोठून यावे! तरी १९४६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या बहुतेक मुस्लिम जागा लीगनेच जिंकल्या. फाळणी झाली. ज्यांनी मते दिली, त्यांतल्या बहुतेकांची घरे, शेते आणि वाडवडिलांच्या कबरी इकडेच राहिल्या.