मत्सराचे डोळे

मत्सर सुरुवातीला, ग्रीकांकडे, पुरुष होता. ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावर, स्काला गावापाशी, एका रोमनकालीन वाड्याचे अवशेष आहेत. तिथल्या मोझेइकच्या फरशीवर एक उघडा तरुण दिसतो. हात स्वतःच्याच गळ्याशी, आणि चार हिंस्र श्वापदं त्याच्यावर तुटून पडलेली. सोबत काही ओळींचं पद्य आहे. हा फ्थोनोस, म्हणजे मत्सर, असं ते सांगतं. आपण दारावर लिंबू-मिरची बांधतो तसाच हा बंदोबस्त: घर बघून ज्याच्या पोटात दुखेल, त्याने आपली गत काय होते ते आधी पायाखाली पाहून घ्यावं.

दुसऱ्या शतकातल्या लुशियन या लेखकाने अपेलीस या चित्रकाराच्या एका चित्राचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यातला मत्सरही पुरुषच: फिकट, कुरूप, तीक्ष्ण नजरेचा, दीर्घ आजाराने झिजल्यासारखा. मूळ चित्र नष्ट झालं. पण त्या वर्णनावरून बोत्तिचेल्लीने १४९५च्या सुमारास नवं चित्र रंगवलं, ते फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे.

रोमनांकडे मात्र मत्सराची बाई झाली, आणि तिला कायमचं रूप दिलं ते ओव्हिड या कवीने. त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या दुसऱ्या सर्गात मिनर्व्हा देवी तिच्या घरी जाते. ऊन न पोचणाऱ्या दरीतलं ते घर. आत ही बसलेली, विषारी सापांचं मांस खात. अंग वाळलेलं, नजर तिरकी, दात किडलेले, जिभेवर विष. झोप तिला ठाऊक नाही, आणि दुसऱ्याला दुखलं तरच हसू येतं. सुखासमाधानाचं अथेन्स दिसताच तिला रडू आवरेनासं होतं, कारण रडण्यासारखं तिथे काहीच नसतं. पुढच्या दीड हजार वर्षांतले चित्रकार याच बाईकडून उसनं घेत राहिले.

त्यांच्यात जॉत्तो सर्वांत मोठा. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये त्याने १३०५च्या सुमारास भिंतींच्या खालच्या पट्ट्यात सात सद्गुण आणि सात दुर्गुण समोरासमोर रंगवले, तेही राखाडी छटांत, दगडी मूर्ती वाटाव्यात असे. त्यातली मत्सराची बाई ज्वाळांत उभी आहे. डोक्याला गुंडाळलेल्या कापडातून शिंग निघालं आहे, कान माणसाच्या मापाचा नाही. एका हातात पैशाची थैली घट्ट धरलेली आणि दुसरा हात आणखी काही ओरबाडायला पुढे आलेला. तिच्या तोंडातून साप बाहेर पडतो. तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर जात नाही. हवेत वळसा घेतो आणि उलटून तिच्याच डोळ्यांवर येतो.

या वळशात जॉत्तोने सगळं सांगून टाकलं आहे. ओव्हिडचा साप तिचं अन्न होता. इथे तो तिची वाणी आहे आणि शिक्षाही. समोरच्या भिंतीवर दानशील प्रीती थैल्यांवर पाय देऊन उभी आहे. चॅपेल बांधणारा एन्रिको स्क्रोव्हेन्यी एका बड्या सावकाराचा मुलगा. त्या बापाला दांतेने आपल्या काव्यातल्या नरकात बसवलं आहे. अशा घराण्याच्या चॅपेलमध्ये मत्सराच्या मुठीत थैली दिसते, तेव्हा ती मला नुसतं प्रतीक वाटत नाही. शिक्षा डोळ्यांनाच व्हावी हे दांतेलाही पटलं होतं: त्याच्या शुद्धिलोकात मत्सरी लोकांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत.

नंतरची मंडळी भराभर सांगता येतात. मांतेन्याच्या समुद्रदेवांच्या लढाईच्या चित्रात मत्सराची हाडकुळी म्हातारी हातात नावाची पाटी धरून येते. ब्रूगेलच्या रेखाटनावरून १५५८मध्ये छापलेल्या चित्रात ती स्वतःचं काळीज खाते, आणि कुत्री हाडकासाठी भांडतात. चेझारे रिपाने १५९३मध्ये रोममध्ये प्रतीकांचा कोशच छापला आणि पुढच्या चित्रकारांना तयार साचा मिळाला: म्हातारी, कुरूप, फिकट, केसांच्या जागी साप. जॉत्तोने पाहून-विचारून काढलेलं आता नुसतं पाठ करण्यापुरतं उरलं.

साच्याला तडा दिला तो जेरिको या फ्रेंच चित्रकाराने. १८२०च्या आसपास त्याने मनोरुग्णांची व्यक्तिचित्रं काढली; ती डॉ. जॉर्जे या तरुण मनोवैद्यासाठी काढली असं परंपरेने मानलं जातं. एकाच ध्यासाने माणूस वेडा होतो, असा सिद्धान्त त्या काळी पॅरिसच्या डॉक्टरांत मान्य होता. यातली पाच चित्रं १८६३मध्ये बाडेन-बाडेनला सापडली. त्यातलं मत्सराच्या वेडाचं म्हणून ओळखलं जाणारं चित्र लियोंच्या संग्रहालयात आहे. पांढऱ्या झालरीच्या टोपीतली एक वयस्क बाई. साप नाही, ज्वाळा नाहीत, शिंग नाही. ओठ मिटलेले, पापण्यांच्या कडा लाल, आणि नजर चौकटीबाहेर, बाजूच्या कशावर तरी खिळलेली. जेरिकोने तिला पाहिलं ते माणूस म्हणून: त्वचेचा एकेक डाग, सुरकुत्यांवरचा प्रकाश त्याने ज्या निगुतीने रंगवला आहे, ती एरवी बड्या घरच्या व्यक्तिचित्रांच्या वाट्याला येते.

पण बघणाऱ्यांनी तिच्यात ओव्हिडची म्हातारीच शोधली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयावरून चित्राला ‘साल्पेत्रिएरचं तरस’ असंही नाव पडलं. शतकानुशतकं मत्सर म्हणजे तिरक्या नजरेची म्हातारी असं रंगवून ठेवल्यावर, रुग्णालयातल्या लाल डोळ्यांच्या म्हातारीला मत्सर ठरवणं किती सोपं गेलं असेल! तिला कुणाचा हेवा वाटत होता, मुळात वाटत होता का, याबद्दल चित्रात काहीच नाही. तिच्या आजाराला नाव मिळालं, तिचं स्वतःचं नाव कुणी टिकवलं नाही. म्हणून हे चित्र मत्सराच्या वंशावळीत धरायला मी तयार नाही. ते एका आजारी बाईचं व्यक्तिचित्र आहे.