इलेक्ट्रॉनिक श्रवणरक्षक (नेमबाजी व शिकार)

इलेक्ट्रॉनिक श्रवणरक्षक : बंदुकीच्या धमाक्यापासून कानांचे रक्षण करणारे, पण त्याच वेळी बोलणे, सूचना व भोवतालचे हलके आवाज ऐकू देणारे साधन. ते कानावर बसणारे (इअरमफ) किंवा कानात बसणारे (इअरप्लग) असते.

गरज : बहुतेक बंदुकांचा धमाका नेमबाजाच्या कानापाशी १४० ते १७० डेसिबेलपर्यंत असतो. मोठा आवाज झाला की मध्यकर्णातील स्नायू आकुंचन पावतात; पण हा नैसर्गिक बचाव सुरू होण्याआधीच धमाका अंतर्कर्णात पोचलेला असतो. तेथील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, अनेकांच्या कानात कायमची गुणगुण राहते. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असल्याने त्याला अधिक इजा होते.

रचना व कार्य : बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपतो, परिपथ तो आतल्या ध्वनिक्षेपकाकडे पाठवतो. आवाज सुमारे ८५ डेसिबेलच्या पुढे गेला की परिपथ तो दाबतो किंवा तोडतो. तोडणाऱ्या जुन्या पद्धतीत गोळीनंतर क्षणभर काहीच ऐकू येत नाही. दाबणाऱ्या पद्धतीत बोलण्यात खंड पडत नाही. मात्र धमाका प्रत्यक्षात अडवते ती इअरमफची वाटी आणि कानाभोवती घट्ट बसलेली तिची गादी. म्हणून बॅटरी संपली तरी संरक्षण टिकते. गादीला फट पडली तर उत्तम परिपथही निरुपयोगी ठरतो.

निवड : प्रथम ध्वनिघट मानांकन पाहावे, अमेरिकेत ते एनआरआर, युरोपात एसएनआर या नावाने छापतात. प्रत्यक्ष वापरात घट छापील आकड्यापेक्षा कमी भरते. रायफलच्या दस्त्याला गाल टेकवताना जाड वाटी आड येऊन सरकते; तेथे सडपातळ वाटी बरी. चष्म्याच्या काडीमुळे पडणारी फट मऊ जेलच्या गादीने कमी होते. शिकाऱ्याला आवाजाची दिशा कळावी लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र मायक्रोफोन हवेत. बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या बोअरच्या बंदुकीसाठी इअरप्लगवर इअरमफ घालावा. दोन्ही मानांकनांची बेरीज होत नाही; साधारण ५ डेसिबेलची भर पडते, पण तीही मोलाची असते.

वापर : शिकार कायदेशीर असलेल्या देशांत शिकारी ही साधने वापरतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असल्याने त्यांचे खरे क्षेत्र म्हणजे नेमबाजीच्या रेंज. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्याच्या पात्रता फेरीतच ६० गोळ्या झाडाव्या लागतात. सरावातील गोळ्या वेगळ्याच. मात्र आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ध्वनिवर्धक यंत्रणा असलेला श्रवणरक्षक स्पर्धकाला वापरता येत नाही. त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजाने साध्या, इलेक्ट्रॉनिक नसलेल्या श्रवणरक्षकाचीही सवय ठेवणे आवश्यक आहे.