वेळेत की वेळेवर?

नवरात्रातली गोष्ट. मुलाखत दहाची आणि माझी रिक्षा टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत अडकलेली. मी मेसेज टाकला, 'आय विल रीच इन टाइम.' पोहोचलो सव्वादहाला. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला ऑन टाइम हवं होतं." नोकरी गेली. (मिळालीच नव्हती, पण गेल्यासारखंच वाटलं.)

ऑन टाइम म्हणजे ठरल्या ठोक्याला. इन टाइम म्हणजे फार उशीर व्हायच्या आत. मी आपलं 'इन' म्हणजे 'त', 'ऑन' म्हणजे 'वर' असं पाठ केलेलं. पण 'डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचला' हे इंग्रजीत सांगायचं तर 'इन टाइम' लागतं!

या जोड्या आल्या कुठून? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते. समोर नमुना होता इंग्रजी व्याकरणाचा. शाळेत आपण घोकतो त्या शब्दांच्या आठ जाती त्याच वळणाच्या. त्यात प्रिपोझिशनच्या जागी बसलं शब्दयोगी अव्यय. पण 'घरावर'मधला 'वर' शब्दयोगी, तर 'घरात'मधला 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. इंग्रजीत 'इन' आणि 'ऑन' सख्खे भाऊ, आपल्याकडे त्यांची घराणीच वेगळी. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांनी जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून बराच कीस पाडला. आमच्या वर्गात मात्र तक्ताच टिकला.

ठाण्यात तर हा घोळ स्टेशनापासूनच सुरू होतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली. तिच्यात बसलेल्यांना इंग्रजी म्हणणार 'ऑन द ट्रेन', छतावर कोणी नसलं तरी. मोटारीत बसलेला मात्र 'इन द कार'. ज्यात उभं राहून चालता येतं त्या वाहनाला 'ऑन', असा साधारण हिशेब. आपण 'गाडीत बसलो' म्हटलं तर लोकल किंवा मोटार, 'गाडीवर बसलो' म्हटलं तर स्कूटर, आणि 'गाडीवर खाल्ला' म्हटलं की वडापाव.

आणि नाका? 'नाक्यावर भेट' म्हणतो, 'नाक्याला उतर' म्हणतो. इंग्रजीला दोन्हीकडे एक 'ॲट' पुरतो.

परवा पुन्हा तिथेच अडकलो. या वेळी लिहिलं, 'टेन मिनिट्स लेट.'